अफूजन्य व्यसनावरील औषधोपचार कायद्याच्या चौकटीत कसा सुरू करावा आणि कसा टिकवावा

गर्द, ब्राऊन शुगर, अफू किंवा वेदनाशामक गोळ्या-इंजेक्शने यांच्या आहारी गेलेल्या माणसाला ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन या औषधांवर दीर्घकाळ स्थिर ठेवण्याचा उपचार भारतात पूर्णपणे कायदेशीर आहे आणि सरकारी केंद्रांत तो मोफत मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेने ही दोन्ही औषधे २००५ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. तरीही घरच्यांची पहिली धाव बहुधा एखाद्या निवासी केंद्राकडे असते, कारण ही औषधे कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाहीत आणि कुठे मिळतात हे सहसा कुणी सांगत नाही. केंद्र सरकारसाठी 'एम्स'च्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे ७७ लाख लोकांना अफूवर्गीय पदार्थांच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे. त्यांतले निम्म्याहून अधिक लोक ज्या मोजक्या राज्यांत आहेत, त्यांत महाराष्ट्राचा समावेश आहे.

या उपचारावर तीन वेगवेगळ्या बाजूंनी कायदा लागू होतो. औषधावर अमली औषधे व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांचा कायदा, १९८५ (एनडीपीएस) आणि औषधविक्रीचे नियम चालतात; रुग्णाला जिथे ठेवले जाते त्या जागेवर मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ चालतो; आणि रुग्णावर पोलीस कारवाई झाली, तर एनडीपीएसमधीलच काही निराळी कलमे त्याच्या बाजूने उभी राहतात. काम कुठे अडले, तर अडवणारा नियम गोळीचा आहे, जागेचा आहे की माणसावरच्या गुन्ह्याचा, हे आधी ठरवावे. त्याशिवाय कोणत्या दारात जायचे ते कळत नाही आणि नातेवाईक पोलीस ठाणे, औषधांचे दुकान आणि रुग्णालय यांच्यात नुसते हेलपाटे घालत राहतात.

गोळी दुकानात का मिळत नाही

ब्युप्रेनॉर्फिन हा एनडीपीएस कायद्याच्या अनुसूचीतला मनोव्यापारांवर परिणाम करणारा पदार्थ आहे आणि औषध नियमांच्या 'एच-१' अनुसूचीतही त्याचे नाव आहे. या अनुसूचीतील औषध विकताना दुकानदाराला डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव आणि दिलेले प्रमाण यांची वेगळी नोंदवही ठेवावी लागते आणि ती तीन वर्षे जपावी लागते. वेदनेसाठी वापरली जाणारी कमी ताकदीची गोळी या मार्गाने दुकानात येते. व्यसनोपचारासाठी लागणाऱ्या ०.४ आणि २ मिलिग्रॅमच्या जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांना मात्र मंजुरी देतानाच अशी अट घातलेली आहे, की त्या व्यसनमुक्ती केंद्रांना आणि तशी सोय असलेल्या रुग्णालयांनाच पुरवाव्यात. त्यामुळे दुकानदार 'नाही' म्हणतो तेव्हा तो टाळाटाळ करत असतो असे नाही. खासगी मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचे असेल, तर त्यांच्या रुग्णालयात व्यसनमुक्तीची सोय आहे का आणि गोळी तिथूनच मिळते का, हे फोनवर आधी विचारून घ्यावे. नुसती चिठ्ठी हातात घेऊन गावभरची दुकाने पालथी घालू नयेत. फोनवरून किंवा व्हिडिओवरून तपासणी करून ही चिठ्ठी मिळवण्याचा मार्गही बंद आहे, कारण मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनी एनडीपीएस कायद्यातील औषधे अशा सल्ल्यावर लिहून द्यायला मनाई केली आहे.

मेथाडोन हे द्रवरूपात पाजले जाणारे औषध त्याहून कडक बंधनात आहे, कारण कायद्याच्या दृष्टीने ते मॉर्फिनच्या पंगतीतले अमली औषध आहे. पूर्वी अशा औषधांसाठी रुग्णालयाला वेगवेगळ्या खात्यांचे परवाने काढावे लागत आणि प्रत्येक राज्याचे नियम निराळे असत. २०१४ च्या दुरुस्तीने 'अत्यावश्यक अमली औषधे' असा वर्ग निर्माण केला आणि २०१५ मध्ये त्यात मॉर्फिन, फेन्टानिल, कोडीन, ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन यांच्यासोबत मेथाडोन घातले. आता राज्याच्या औषध नियंत्रकाने, म्हणजे आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनाने, मान्यता दिलेली वैद्यकीय संस्था ते बाळगू शकते. कागदावर ही मोठी सुधारणा आहे. प्रत्यक्षात मेथाडोन देणारी ठिकाणे अजून थोडीच आहेत, म्हणून बहुतेकांचा उपचार ब्युप्रेनॉर्फिननेच सुरू होईल असे धरून चालावे.

याच २०१४ च्या दुरुस्तीत आणखी एक बदल झाला. व्यसनी व्यक्तींच्या 'उपचारा'च्या जोडीला त्यांचे 'व्यवस्थापन' हा शब्द कायद्यात आला. व्यसन एका फटक्यात सोडवायचेच, असा आग्रह न धरता औषधावर स्थिर ठेवण्याच्या पद्धतीला त्यामुळे आधार मिळाला. कलम ७१ सरकारला अशी केंद्रे काढण्याचा आणि नोंदणी झालेल्या व्यसनी व्यक्तींना औषध पुरवण्याचा अधिकार देते. 'एका नशेऐवजी दुसरी नशा देतात' हा आक्षेप घरात, आणि कधी कधी पोलीस ठाण्यातही, ऐकू येतो. तेव्हा या कलमाकडे बोट दाखवता येते.

केंद्र कसे शोधावे

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या म्हणजे नॅकोच्या १०९७ या क्रमांकावर जवळच्या ओएसटी (पर्यायी औषधोपचार) केंद्राची चौकशी करता येते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हे क्रमांकही आहेत. नॅकोची ओएसटी केंद्रे एचआयव्ही रोखण्याच्या कार्यक्रमातून उभी राहिली असल्यामुळे त्यांचा भर सुईने नशा करणाऱ्यांवर आहे, ही गोष्ट लक्षात ठेवावी. मुंबईत पन्नीवर गर्द ओढणारे बरेच आहेत, ज्यांनी कधी सुई घेतलेलीच नाही. अशा माणसाला एखाद्या केंद्रात 'आमच्याकडे सुईवाल्यांसाठी आहे' असे उत्तर मिळू शकते. तेव्हा 'मीही सुई घेतो' असे खोटे सांगून नाव घालू नये. ती नोंद कायमची राहते आणि डॉक्टर डोस ठरवतात तो त्याच माहितीवर. त्याऐवजी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील मानसोपचार विभागाची ओपीडी गाठावी आणि तिथे व्यसनोपचाराची सोय आहे का ते विचारावे. सामाजिक न्याय मंत्रालयाच्या निधीतून काही सरकारी रुग्णालयांत अशा मोफत औषधांच्या सोयी उभ्या केलेल्या आहेत. त्याच मंत्रालयाच्या अनुदानावर चालणारी निवासी पुनर्वसन केंद्रे वेगळी; तिथे राहण्याची आणि समुपदेशनाची सोय असते, पण दीर्घकाळ चालणारी गोळी मिळेलच असे नाही.

पहिल्या भेटीला ओळखपत्र, जुने केस पेपर, चालू असलेल्या इतर औषधांच्या पट्ट्या आणि शक्य असेल तर घरातले एक माणूस सोबत असावे. ओळखपत्र नसेल, तर तेवढ्यासाठी दारातून परत फिरू नये, समुपदेशकाला गाठावे. केंद्रात संमतीपत्रावर सही घेतली जाते. त्यात दररोज येण्याची अट, गोळी बाहेर न नेण्याची अट आणि उपचार थांबवण्याची कारणे लिहिलेली असतात. ते वाचून घ्यावे, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगावे. एचआयव्हीची तपासणी सुचवली जाईल, पण २०१७ च्या एचआयव्ही व एड्स कायद्यानुसार ती माहितीपूर्वक संमतीशिवाय करता येत नाही. याच कायद्याचे कलम २२ फार थोड्यांना माहीत असते. एचआयव्हीचा धोका कमी करणाऱ्या उपायांत ते पर्यायी औषधोपचार स्पष्टपणे धरते आणि अशा उपायांना गुन्हा ठरवता येणार नाही, असे सांगते. केंद्रात येणाऱ्या-जाणाऱ्यांना कुणी त्रास देत असेल, तर केंद्राच्या प्रमुखांनी हे कलम लिहून स्थानिक पोलीस ठाण्याला पत्र द्यावे, असा आग्रह धरता येतो.

पहिले काही दिवस

पहिली गोळी टर्की (नशा न मिळाल्याने होणारा शारीरिक त्रास) लागल्यावरच देतात. शेवटची नशा करून निदान सहा ते बारा तास गेलेले असावेत. अंग मोडून येणे, नाक-डोळे गळणे, जांभया, पोटात मुरडा अशी लक्षणे दिसल्यावर डॉक्टर साधारण २ ते ४ मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात. अंगात गर्द असताना गोळी घेतली, तर हेच औषध टर्की एकदम आणि जोरात आणते. 'गोळीने उलट त्रास झाला' म्हणून पहिल्याच दिवशी पळ काढणाऱ्यांत अशी घाई केलेले पुष्कळ असतात. शेवटची नशा कधी केली हे डॉक्टरला खरे सांगणे इथे सगळ्यात महत्त्वाचे, आणि त्यासाठी नातेवाइकांनी पाच मिनिटे बाहेर बसलेले बरे.

खिडकीवरची पद्धत बाहेरून पाहणाऱ्याला अपमानास्पद वाटते, म्हणून ती आधीच माहीत असावी. नर्स रजिस्टरमध्ये नाव शोधते, ठरलेल्या गोळ्या मोजून कुटते, रुग्ण घोटभर पाण्याने तोंड ओले करतो आणि ती पूड जिभेखाली घेतो. मग बाकावर बसायचे, बोलायचे नाही, थुंकायचे नाही, गिळायचेही नाही, कारण गिळलेले औषध फारसे लागू पडत नाही. पूड विरघळली की तोंड उघडून जीभ वर करून दाखवायची, सही किंवा अंगठा करायचा आणि निघायचे. गोळी गालात दडवून बाहेर विकली जाऊ नये किंवा पाण्यात विरघळवून सुईने घेतली जाऊ नये, यासाठी ही तपासणी आहे. सुईने घेण्याला आळा बसावा म्हणूनच काही ठिकाणी ब्युप्रेनॉर्फिनमध्ये नालोक्सोन (अफूवर्गीय पदार्थांचा परिणाम उलटवणारे औषध) मिसळलेली, चारास एक प्रमाणाची गोळी वापरतात.

रोज येण्याच्या या नियमाविषयी माझे मत स्पष्ट आहे: तो गोळी काळ्या बाजारापासून दूर ठेवतो आणि नाक्यावर उभे राहून काम मिळवणाऱ्या मजुरालाही गोळीपासून दूर ठेवतो. केंद्र सकाळी उघडेपर्यंत त्याचा मुकादम निघून गेलेला असतो. तरीही नियम वाकवायला सांगण्यापेक्षा त्यातली मोकळीक मागावी. करोनाच्या काळात, २०२० मध्ये, नॅकोने स्थिर रुग्णांना अनेक दिवसांच्या गोळ्या घरी देण्याची मुभा दिली होती. तेव्हापासून घरी न्यायच्या डोसची चर्चा डॉक्टरशी करणे सोपे झाले आहे. हजेरी नियमित असेल, नशा थांबलेली असेल आणि घरात गोळ्या कुलुपात ठेवणारे जबाबदार माणूस असेल, तर ही विनंती लेखी करावी आणि कामाच्या वेळा त्यात नमूद कराव्यात.

घरी गोळ्या मिळाल्या, तर त्या मूळ पट्टीतच ठेवाव्यात आणि केस पेपर किंवा चिठ्ठीची प्रत नेहमी सोबत बाळगावी. एनडीपीएस नियमांच्या ६६ व्या नियमानुसार स्वतःच्या वैद्यकीय वापरासाठी मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या औषधाच्या एका वेळी १०० मात्रा बाळगता येतात, आणि दीर्घकालीन उपचारासाठी डॉक्टरने तसे खास लिहून दिले असल्यास ३०० पर्यंत. कागद नसेल, तर तीच पट्टी गुन्हा ठरते. ब्युप्रेनॉर्फिनचे 'अल्प प्रमाण' १ ग्रॅम आहे. २ मिलिग्रॅमच्या गोळीपुढे ते भरपूर वाटते, पण सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या हिरा सिंग निकालात केवळ शुद्ध औषधाचे नव्हे, तर मिश्रणाचे संपूर्ण वजन धरायचे असे ठरवले आहे. गोळीतल्या पिठासकट वजन केले, की ही मर्यादा थोडक्या गोळ्यांतच ओलांडली जाते आणि शिक्षेची कमाल मर्यादा एका वर्षावरून दहा वर्षांवर जाते. शेजाऱ्याच्या मुलाला 'दोन दिवस चालव' म्हणून पट्टी देणे त्यामुळे परोपकारात बसत नाही.

गणपतीला कोकणात जायचे असेल, लग्नकार्य असेल किंवा ऊसतोडीला बाहेरगावी राहायचे असेल, तर समुपदेशकाला आठ-दहा दिवस आधी सांगावे आणि दुसऱ्या केंद्रासाठी डोस नमूद केलेले पत्र मागावे. न सांगता गेल्यास आणि सलग काही दिवस खंड पडल्यास परतल्यावर जुना डोस लगेच देत नाहीत; तपासून पुन्हा खालून सुरुवात होते आणि तसे होणे रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी योग्यच आहे. दारू आणि झोपेच्या गोळ्या या काळात कटाक्षाने टाळाव्यात, कारण या औषधांबरोबर त्या श्वास मंदावतात. स्त्री रुग्ण गरोदर राहिली, तर घाबरून औषध परस्पर बंद करू नये, त्याच दिवशी डॉक्टरला कळवावे.

पोलिसांनी पकडले तर

नशा करणे हा आपल्याकडे अजून गुन्हा आहे. कलम २७ नुसार हेरॉइन (म्हणजे गर्द, ब्राऊन शुगर), मॉर्फिन किंवा कोकेनच्या सेवनाला एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पण कलम ६४-अ असे सांगते, की सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती शासनाच्या किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या, अथवा त्यांनी मान्यता दिलेल्या रुग्णालयात स्वेच्छेने उपचार घेईल, तर त्या गुन्ह्यासाठी तिच्यावर खटला चालणार नाही. हेरॉइनचे अल्प प्रमाण ५ ग्रॅम आहे आणि अफूचे २५ ग्रॅम. या कलमाचा लाभ आपोआप मिळत नाही. वकिलामार्फत न्यायालयात अर्ज करावा लागतो आणि सोबत केस पेपर, हजेरीचा उतारा आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरचे पत्र जोडावे लागते. वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

एक अडचण आधीच ओळखून ठेवावी. उपचार पूर्ण केला नाही, तर ही सूट काढून घेता येते, असे याच कलमात आहे. आणि गोळीवरचा उपचार तर वर्षानुवर्षे चालतो, 'पूर्ण' कधी व्हायचा? कायद्याने याचे मोजमाप दिलेले नाही. म्हणून डॉक्टरच्या पत्रात 'उपचार चालू आहे, नियमित आहे आणि तो दीर्घकालीन स्वरूपाचा आहे' असे स्पष्ट शब्द मागून घ्यावेत. दोष सिद्ध झाला असेल, तरी कलम ३९ नुसार न्यायालय आरोपीच्या संमतीने, बंधपत्रावर, त्याला तुरुंगाऐवजी उपचाराला पाठवू शकते. कोठडीत असताना नातेवाइकांनी पहिल्याच दिवशी चालू डोसची माहिती लेखी स्वरूपात तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे आणि न्यायालयात द्यावी.

भरती करायची वेळ आली तर

घरच्यांचा धीर सुटतो तेव्हा 'उचलून नेणाऱ्या' केंद्रांचे फोन नंबर कुणीतरी हमखास देते. अशा केंद्राला पैसे देण्यापूर्वी मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाखालची नोंदणी आहे का, ते पाहावे. दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्था या कायद्याच्या व्याख्येत येतात, त्यामुळे रुग्णांना ठेवून घेणाऱ्या केंद्राला 'आम्ही फक्त व्यसनमुक्तीचे आहोत' म्हणून नोंदणीतून सुटता येत नाही. विनानोंदणी चालवणाऱ्याला पहिल्या वेळी पाच हजार ते पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. रुग्णाला साखळीने बांधणे हे कोणत्याही कारणाने आणि कोणत्याही प्रकारे निषिद्ध आहे.

स्वतःहून दाखल झालेला प्रौढ रुग्ण बाहेर पडू शकतो; फार तर तपासणीसाठी त्याला २४ तास थांबवता येते. इच्छेविरुद्ध ठेवायचे असेल, तर नामनिर्देशित प्रतिनिधीचा (रुग्णाला निर्णयात मदत करणाऱ्या, कायद्याने मानलेल्या व्यक्तीचा) अर्ज लागतो, मानसोपचारतज्ज्ञासह दोघांनी स्वतंत्रपणे तपासून स्वतःला किंवा इतरांना धोका असल्याचे अथवा स्वतःची काळजी घेता येत नसल्याचे नमूद करावे लागते, आणि तीस दिवसांची मर्यादा असते. पुरुष रुग्णाच्या अशा भरतीची खबर सात दिवसांत, स्त्री किंवा अल्पवयीन रुग्णाच्या भरतीची तीन दिवसांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला द्यावी लागते. मंडळाचा पत्ता आणि फोन दर्शनी भागात लावणे आणि तिथे विनाशुल्क फोन करू देणे केंद्रावर बंधनकारक आहे. दाखल करायला गेल्यावर मी सगळ्यात आधी भिंतीवर हा फलक शोधतो. तो नसेल, तर बाकीची चौकशी करण्यात वेळ घालवत नाही.

भरतीपूर्वी गोळी चालू असेल, तर ती तिथे चालू राहणार की बंद होणार, हे लेखी विचारावे. अनेक निवासी केंद्रे सर्व औषधे थांबवून काही आठवडे ठेवतात. त्या काळात शरीराची सवय उतरते, आणि घरी आल्यावर जुन्या प्रमाणात गर्द घेतली तर श्वास थांबू शकतो. बाहेर पडताना पुन्हा ब्युप्रेनॉर्फिन सुरू करायचे, की सात ते दहा दिवस अफूवर्गीय काहीही न घेता गेल्यानंतर नाल्ट्रेक्सोनची (नशेचा परिणाम रोखणाऱ्या औषधाची) गोळी, हे सुटीच्या कागदावर लिहून घ्यावे. नाल्ट्रेक्सोन एनडीपीएसच्या यादीत नसल्यामुळे ते चिठ्ठीवर साध्या दुकानात मिळते, मात्र घरातल्या कुणीतरी समोर बसून द्यावे लागते. श्वास मंद, ओठ निळसर आणि हाक मारून प्रतिसाद नाही अशी स्थिती दिसली, तर १०८ ला फोन करून 'गर्दचा जादा डोस' असे स्पष्ट सांगावे आणि रुग्णालयात नालोक्सोन इंजेक्शन देण्याची विनंती करावी.